वय चव्वेचाळीस, अनुभव चौतीस वर्षं

माझं वय मी आजवर कोणापासूनही लपवलेलं नाही. मी ते फक्त सांगितलेलं नाही. या दोन गोष्टींतला फरक घरात पाळणाघर चालवणाऱ्या बाईला कोणी समजावून द्यावा लागत नाही. आणि हा फरक सांभाळण्यात आमच्या भागात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे म्हणत असे.

पालकांची अडचण मला समजते. त्यांना एकाच बाईत दोन बाया हव्या असतात. रांगत्या मुलाच्या मागे धावायला तिशीची, आणि ते मूल का रडतंय हे दुसऱ्या खोलीतून ओळखायला साठीची. आपण वयाचा आकडा उच्चारला की या दोघींपैकी एक जागच्या जागी बाद होते. त्यामुळे आमच्या व्यवसायात आकड्यांपेक्षा विशेषणं वापरण्याची पद्धत आहे.

या विशेषणांचं मला फार कुतूहल. संध्याकाळी मुलं आपापल्या घरी गेली की मी पाय मोकळे करायला निघते ती थेट इतर पाळणाघरांच्या पाट्या वाचत. अकरा वर्षांच्या वाचनातून मला एक छोटा शब्दकोश तयार करता आला आहे. 'उत्साही' म्हणजे पस्तिशीच्या आतली. 'अनुभवी' म्हणजे पन्नाशीच्या पुढची. 'प्रेमळ' म्हणजे जवळ कोणतंही प्रमाणपत्र नसलेली. 'सुशिक्षित' म्हणजे पदवी आहे, पण ती कशातली हे विचारू नये. 'घरगुती वातावरण' म्हणजे सासू, सासरे, दोन दीर आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही. औषधाच्या दुकानामागच्या बाईंनी तर पाटीवर स्वतःचा फोटोच लावला आहे. तो वीस वर्षांपूर्वीचा आहे. फोटोतल्या बाई घरात आहेत का, असं एका पालकाने त्यांनाच विचारलं होतं.

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, आहेत. पण फार आत आहेत."

माझी स्वतःची पाटी या साऱ्या अभ्यासाचं सार होती: 'प्रशिक्षित, अनुभवी, उत्साही.' तीन शब्दांत मी कोणत्याही वयाची होऊ शकत होते.

आता प्रसंग सांगते. गेल्या महिन्यात माझ्याकडे दोनच मुलं उरली होती. त्यांतल्या एकाच्या वडिलांची बदली झाली होती आणि ते मूल आठवड्याभरात जाणार होतं. दुसरी पाच वर्षांची एक मुलगी. तिला आम्ही सगळे 'बातमी' म्हणतो, कारण ती जे पाहते ते जाहीर करते. अलीकडे तिला अक्षरं जोडून वाचता येऊ लागलं होतं, त्यामुळे साबणाच्या वेष्टनापासून विजेच्या मीटरपर्यंत सगळ्याच गोष्टी जाहीर होत होत्या. बातमीही पुढच्या महिन्यापासून पूर्ण दिवसाच्या शाळेत जाणार होती.

म्हणजे पुढच्या महिन्यात मुलांच्या खोलीत मी एकटी.

आमचे हे जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. रिकामी जागा दिसली की यांच्या हातात आपोआप मोजफीत येते. यांच्या ओळखीच्या एका पुस्तकबांधणीवाल्याला कागदाचे गठ्ठे ठेवायला खोली हवी होती.

"महिनाअखेरपर्यंत थांबू," हे म्हणाले. "नवं मूल आलं तर तुझी खोली. नाही आलं तर त्याचे कागद."

"कागद रडत नाहीत, एवढाच काय तो फायदा," मी म्हटलं.

"कागदांना दुपारी झोपवावं लागत नाही, हाही आहे."

अकरा वर्षांत त्या खोलीच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर बोटांच्या ठशांचा एक पट्टा तयार झाला आहे. मी तो कधी पुसलेला नाही. त्याच्यासमोर आता कागदाचे गठ्ठे उभे राहणार होते.

अशा परिस्थितीत फोन आला. दहा महिन्यांच्या बाळाची आई बोलत होती. पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्याची नोकरी, सोमवारपासून रुजू व्हायचं, सकाळी सातची पाळी. माझ्या एका कानाला तिचा आवाज, आणि दुसऱ्या कानाशी यांची मोजफीत, कारण पुस्तकबांधणीवाल्याचं कपाट खिडकी आणि कोपरा यांच्यामध्ये मावेल की नाही, हे पाहण्याचा मुहूर्त यांनी त्याच क्षणी काढला होता.

"ताई, एक विचारू? राग मानू नका. वय काय तुमचं? बाळ रांगतं. रांगतं म्हणजे काय, सुटतंच. त्याच्या मागे..."

भिंतीपाशी ओणवे झालेले हे मोठ्यांदा म्हणाले, "चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस," मी फोनमध्ये म्हटलं.

माझं वय सत्तावन्न आहे. हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे आपल्यात संकोच नको.

"आणि अनुभव किती वर्षांचा?"

"चौतीस."

आता हे मात्र खोटं नव्हतं. आमच्यात मोजण्याची एक रीत आहे. एक मूल एक वर्ष सांभाळलं की एक वर्षाचा अनुभव. तीन मुलं एकाच वर्षी सांभाळली की तीन वर्षांचा. ज्याने दोन रांगती मुलं एकाच वेळी आंघोळीला नेली आहेत, तो माणूस या हिशेबाला आक्षेप घेणार नाही. अकरा वर्षांत एकोणीस मुलं, त्यांची वर्षं मांडली की बेरीज चौतीस येते. मी ती वहीत दर वर्षी करते.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मला ती आदराची वाटली. ती वजाबाकीची होती, हे पुढे कळलं.

"शनिवारी दहा वाजता बाळाला घेऊन येते," बाळाची आई म्हणाली.

तेरा वर्षं घालवायला माझ्या हाती दोन दिवस होते.

पहिल्या दिवशी मी केसांना रंग लावला. पाकिटावर अर्धा तास ठेवा असं लिहिलं होतं. पण मधेच बातमीने नाकात वाटाणा घातल्याचं स्वतःच जाहीर केल्यामुळे तो रंग सव्वा तास राहिला. केस कोळशासारखे झाले आणि डाव्या कानाची पाळीही. दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या नातवाचा फोटो दर्शनी भिंतीवरून उतरवून चादरींच्या कपाटात गेला. गुडघ्याचा पट्टा उशीखाली गेला. चष्मा टेबलाच्या खणात गेला. चष्म्याशिवाय मला हाताएवढ्या अंतरावरचं मूल दिसतं, पण त्याच्या तोंडाला काय लागलंय ते दिसत नाही.

"तू घर बदलतेयस की नवरा?" यांनी विचारलं.

"तुम्ही उद्या दहा ते अकरा बाहेर जा."

"माझ्या घरातून मी का जाऊ?"

"चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचा नवरा त्रेसष्टचा असतो का?"

"मोजलेलं माप बदलत नसतं," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. खात्यात हे याच वाक्यासाठी प्रसिद्ध होते.

बातमीच्या आईवडिलांना शनिवारीही काम असतं, त्यामुळे ती येणार होती. तिला मी आदल्या संध्याकाळी जवळ बसवलं. "उद्या पाहुण्या येतील. त्यांच्यासमोर मला मावशी म्हणायचं."

"पण तू आजी आहेस."

"उद्यापुरती मावशी."

"मग आजी कुठे जाणार?"

"गावाला," मी म्हटलं. तिला ते पटलं. मलाही पटलं. तिथेच माझी चूक झाली.

शनिवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. बाळाची आई तिशीची, काटक, केस घट्ट बांधलेले, खांद्याला पिशवी, कडेवर बाळ आणि हातात एक निळी वही. तिने खोलीत चौफेर नजर टाकली. तिची ती बघण्याची पद्धत मला आवडली. खिडकीला जाळी आहे का, विजेची बटणं किती उंचीवर, दाराच्या फटीत बोट जाईल का, हे तिने मला एक शब्दही न विचारता पाहिलं आणि वहीत टिपलं. मला तिच्याबद्दल विलक्षण कुतूहल वाटू लागलं. दुर्दैवाने तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं.

"नमस्कार," बातमी पुढे येऊन म्हणाली. "आजी गावाला गेली आहे. ही मावशी आहे."

"हो का? कोण आजी?"

"इथली."

त्याच वेळी आतल्या खोलीतून हे चहाचा कप घेऊन बाहेर आले. बाळाच्या आईने यांच्या पांढऱ्याशुभ्र डोक्याकडे पाहिलं, माझ्या कोळशासारख्या डोक्याकडे पाहिलं, आणि गावाला गेलेल्या आजींची भर घालून तिने आपल्या मनाशी एक सुसंगत कुटुंब उभं केलं.

"नमस्कार, बाबा," ती आदराने यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आईवडील तुमच्याकडेच असतात वाटतं. बरं असतं ते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी मी तो बराच वेळ पाहिला.

"नमस्कार," हे म्हणाले, आणि कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर तिथून एकेक भांडं अत्यंत शांतपणे ओट्यावर ठेवल्याचा आवाज येत राहिला. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तो आवाज ओळखायला शिकले आहे.

आम्ही सतरंजीवर बसलो. खाली बसणं मला जमतं. प्रश्न उठण्याचा असतो. बाळ मात्र कुरकुरत होतं, आईच्या कुशीतून उतरायला तयार नव्हतं.

"रांगतं म्हणालात ना?" मी विचारलं.

"कालपासून चिडचिड आहे. दात येतायत." तिने वही उघडली. "ताई, एक हिशेब जुळत नाहीये. वय चव्वेचाळीस, अनुभव चौतीस वर्षं. म्हणजे तुम्ही दहाव्या वर्षी सुरुवात केलीत."

"धाकटी भावंडं होती मला," मी म्हटलं. हे अगदी खरं होतं. तीन होती. पण तिचं पेन वर उचललेलंच राहिलं, म्हणून मी मोजण्याची रीत समजावून दिली.

तिने ती मन लावून ऐकली. "म्हणजे तीन मुलं एकाच वर्षी, तर तीन वर्षं?"

"बरोबर."

"मागच्या नोकरीत मी दिवसाला ऐंशी बाटल्या तपासत होते. या हिशेबाने माझा अनुभव वाफेच्या इंजिनाच्या आधीपासूनचा होईल."

"बाटल्या रडत नाहीत," मी म्हटलं.

ती किंचित हसली. मला धीर आला. तेवढ्यात तिने विचारलं, "पाटीवर 'प्रशिक्षित' आहे. प्रशिक्षण कुठे झालं?"

या प्रश्नाची माझी तयारी अकरा वर्षांची होती. दारावरच्या भिंतीवर, छतापासून वीतभर खाली, एका चौकटीत माझं प्रमाणपत्र लावलेलं आहे. तिथून पाहणाऱ्याला लाल शिक्का दिसतो, दोन सह्या दिसतात आणि माझं नाव ठळक असल्याचं जाणवतं. मजकूर वाचायला शिडी लागते. मी नुसता हात वर केला. "ते काय."

बाळाची आई मान उंच करून डोळे बारीक करून पाहू लागली. पण मी एक गोष्ट विसरले होते. बातमी एव्हाना खुर्चीवर, खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून पुस्तकांच्या मांडणीच्या दुसऱ्या फळीवर चढली होती. तिने न वाचलेलं असं घरात तेवढंच उरलं होतं.

"कु," बातमी म्हणाली.

"बातमी, खाली उतर."

"कुक्... कुट... पा... लन. कुक्कुटपालन!" तिने विजयाने मागे वळून पाहिलं. "पंधरा दि-व-सांचा. मावशी, कुक्कुटपालन म्हणजे काय?"

मावशी पुन्हा पंख्याकडे पाहू लागली.

"कोंबड्या पाळणं," बाळाची आई म्हणाली.

लग्नाआधी माझ्या वडिलांच्या मनात कोंबड्या पाळायचं होतं. त्यांनी मला वर्गाला पाठवलं, मी पहिली आले, आणि वडिलांचा विचार बदलला. प्रमाणपत्र उरलं. मी हे सगळं तिला सांगितलं. पुढे असंही सांगितलं की त्या पंधरा दिवसांत शिकवलेल्या निम्म्या गोष्टी लागू पडतात: ऊब हवी, पाणी स्वच्छ हवं, गर्दी नको, आणि एखादं पिल्लू कोपऱ्यात एकटं बसलं तर त्याच्याकडे आधी पाहायचं.

"खरंच आहे ते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिने वही मिटली, पिशवी खांद्याला लावली आणि बाळाला उचलून उभी राहिली. "ताई, तुम्ही चांगल्या वाटता. पण मला याला दिवसभर सोडून जायचंय. जे विचारलं त्यातलं एक तरी उत्तर सरळ यायला हवं होतं."

मी उठायला गेले आणि गुडघ्याने असहकार पुकारला. मी अर्धी उठलेली, एक हात सतरंजीवर, कानाची पाळी काळी, आणि ती दाराशी पोचलेली. माझ्या डोळ्यांसमोर कागदाचे गठ्ठे एकावर एक चढू लागले.

तेव्हा बाळ किंचाळलं.

कुरकुर आणि किंचाळी यांच्यात अंतर असतं. आई त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "दात, दुसरं काय. रात्रीही असंच."

"दात नाहीत," मी म्हटलं.

ती थांबली.

"दातांचं रडणं असतं तेव्हा मूठ तोंडात जाते, लाळ गळते. याची मूठ मोकळी आहे आणि हा डावा पाय पोटाशी घेतोय. दोनदा घेतला. मोजा घालताना जास्त रडलं होतं का?"

"हो. पण..."

"मोजा काढा. इकडे उजेडात आणा."

मोजा निघाला. पाय इवलासा, गुबगुबीत, आणि बोटांच्या जागी मला पाच गुलाबी ठिपके दिसत होते. त्यापुढे काही नाही. चव्वेचाळिशी टिकवायची तर चष्म्याशिवाय जे दिसेल ते खरं मानायला हवं होतं. मी एक क्षण विचार केला. खरं सांगायचं तर एक क्षणही नाही.

"अहो," मी ओरडले, "माझा चष्मा आणा, टेबलाच्या खणातला. आणि नकाशे वाचायचं तुमचं भिंग. आणि बारीक चिमटा."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. हे तिन्ही वस्तू आणि न मागितलेली एक कात्री घेऊन धावत आले आणि काही न विचारता भिंग बाळाच्या पायावर धरून उभे राहिले. यांचा हात हलत नाही. आयुष्यभर दुर्बीण रोखून मापं घेतली आहेत.

"तिसरं बोट," हे म्हणाले. "मुळाशी रेघ आहे."

रेघ म्हणजे केस होता. मोज्यात अडकलेला एक लांब केस बोटाभोवती तीन वेढे घालून रुतला होता, आणि बोट पिकल्या बोरासारखं लाल झालं होतं. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, ते कुठेही जातात. मी चिमट्याने एक वेढा उचलला, यांनी नखं कापायची बारीक कात्री पुढे केली, आईने पाय धरला. दोन मिनिटांचं काम. मला ते पाळणाघर उघडल्यापासूनचं सगळ्यात मोठं काम वाटलं. वेढे सुटले. बाळाने एक लांब हुंदका दिला, आपल्या पायाकडे पाहिलं आणि यांच्या खिशातली मोजफीत ओढून तोंडात घातली.

"माझ्या मुलीला चार महिन्यांची असताना झालं होतं," मी घाम पुसत म्हटलं. "मी दोन दिवस पोटदुखीचं औषध देत बसले होते. आमच्या डॉक्टरांनी मोजा काढला आणि मला असं काही बोलले की तेहेतीस वर्षं होत आली, अजून कानात आहे. वाटेत डॉक्टरांना एकदा दाखवूनच घरी जा. रंग उतरायला हवा."

बाळाची आई सतरंजीवर बसली. बराच वेळ ती त्या बोटाकडे पाहत राहिली. मग तिच्यातली नमुने तपासणारी बाई हळूहळू जागी झाली.

"तुम्ही त्यांना 'अहो' म्हणालात."

"हो."

"वडिलांना कोणी 'अहो, चष्मा आणा' म्हणत नाही."

"हे वडील नाहीत."

"मी नाहीच," हे म्हणाले.

"आणि मुलगी तेहेतीस वर्षांची."

"पूर्ण होतील पुढच्या महिन्यात."

"म्हणजे ती झाली तेव्हा तुम्ही अकरा वर्षांच्या."

"आजी गावाहून आली का?" बातमीने विचारलं.

"आली," मी म्हटलं. मग सगळंच सांगितलं. सत्तावन्न. अकरा वर्षं. एकोणीस मुलं. कोंबड्या शून्य. आकडा चव्वेचाळीसच का, याचं उत्तर देताना मला खिडकी आणि कोपऱ्यामधली भिंत दाखवावी लागली.

ती हसू लागली. आधी आवरत, नंतर न आवरता, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिला 'तू' कधी म्हणू लागले ते मला आठवत नाही.

"काय झालं गं?"

"मीही सांगितलंय," ती म्हणाली. "मुलाखतीत विचारलं, बाळ लहान आहे, सकाळी सातची पाळी, घरी कोण पाहणार? आधीच्या दोन ठिकाणी खरं सांगितलं होतं. दोन्ही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले. म्हणून या वेळी म्हटलं, सासूबाई आहेत. अडुसष्ट वर्षांच्या. ठणठणीत. घरीच असतात."

"अडुसष्टच का?"

"तुम्ही चव्वेचाळीस का?"

मी तो प्रश्न मागे घेतला. "आणि खऱ्या सासूबाई?"

"आहेत, दुसऱ्या गावी. त्यांना त्यांच्या मांजरातून वेळ मिळत नाही." तिने नाक पुसलं. "सोमवारी अर्जावर घरच्या माणसाचा फोन नंबर द्यायचाय. तिथल्या मुख्य बाई फोन करून खात्री करतात म्हणे. मावशी, बाळ तुमच्याकडेच येईल. फक्त तेवढा एक फोन..."

पाच मिनिटांपूर्वी सरळ उत्तर न दिल्याबद्दल मी बोलणी खाल्ली होती, आणि आता बोलणी देणारीच मला वाकडं उत्तर मागत होती. हे तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. पण तिच्या मांडीवरचं बाळ उतरलं, डाव्या पायाचा अंदाज घेत सरळ रांगत गेलं आणि त्या ठशांच्या पट्ट्यावर आपले दोन्ही ओले पंजे टेकून उभं राहिलं.

"आजीला शिक्षण विचारतात का?" मी विचारलं.

"नाही. आजीला कोणी शिक्षण विचारत नाही."

"आणि मी?" यांनी विचारलं. "माझं काय वय धरायचं?"

ती चाचरली. "सासरे... सासरे हयात नाहीत असं सांगितलंय मी."

बाळाने टाकलेली मोजफीत यांनी उचलली आणि ती गुंडाळत हे म्हणाले, "दहा वाजता मी हिचा बाप होतो. अकरा वाजायच्या आत वारलो. मला वाटतं मी पुस्तकबांधणीवाल्याला नाही म्हणून कळवून येतो. एवढं तरी हातून होऊ दे."

त्यानंतर यांनी हट्टाने पाटी नव्याने रंगवली. 'वय: सत्तावन्न. अनुभव: अकरा वर्षं. शिक्षण: कुक्कुटपालन, प्रथम क्रमांक.' मोजलेलं माप बदलत नाही, त्यामुळे मी रंगाचा डबा धरून उभी राहिले. पाहता पाहता आणखी दोन मुलं आली. एक गृहस्थ अंडी मिळतील का म्हणूनही विचारून गेले.

फोन बुधवारी आला. बाळ झोपलं होतं. मी घसा खाकरून घेतला, खुर्चीत थोडी वाकून बसले आणि आवाजात जमेल तेवढं म्हातारपण आणलं. बाळ ठीक आहे का, सकाळी लवकर उठायला त्रास होत नाही ना, असं मुख्य बाईंनी आस्थेने विचारलं. मी सगळ्याला "हो बाई", "नाही बाई" म्हणत गेले. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि फोन कधी एकदा संपतो असं झालं होतं.

"आजी, एक सांगू का?" शेवटी त्या म्हणाल्या. "अडुसष्टच्या मानाने तुमचा आवाज फारच तरुण आहे हो."

फोन ठेवला आणि मी आरशासमोर गेले. कानाची पाळी आता करडी झाली होती, रंग मुळांशी सुटला होता, गुडघ्याला पट्टा होता आणि नाकावर चष्मा. मी स्वतःला नीट न्याहाळून पाहिलं. खोटं कशाला बोलू, अडुसष्टच्या मानाने मी खरोखरच छान दिसते.